शिबिरे पुरे झाली, आता टेबल मांडा!

गेल्या काही वर्षांत आपल्या पेडणे आणि डिचोली तालुक्यांत एक नवा उत्सव सुरू झाला आहे. त्याचे नाव 'कायदेविषयक जागृती शिबिर'. पंचायतीच्या सभागृहात फलक लागतो, समई पेटते, पाहुण्यांना पुष्पगुच्छ मिळतात. शहरातून आलेले चार-सहा कायद्याचे विद्यार्थी काळ्या-पांढऱ्या पोशाखात माईकसमोर येऊन 'मानवी हक्क' किंवा 'ग्राहक संरक्षण' या विषयावर दहा-दहा मिनिटे बोलतात. सरपंच आभार मानतात आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात फोटो येतो. फोटोत पहिल्या रांगेला स्वयंसाहाय्य गटाच्या बायका असतात. त्यांच्यापैकी एखादीच्या पिशवीत मामलेदाराची नोटीस असते. ती नोटीस न उघडताच पिशवीतून घरी परत जाते.

आमचा राग त्या मुलांवर नाही. ती बिचारी सकाळी सातची बस पकडून येतात. आमचा राग ही शिबिरे पुरेशी आहेत असे मानणाऱ्यांवर आहे, आणि त्यांत आपण सगळे आलो.

आम्ही वकील नाही. वाणिज्य शाखेचे पदवीधर, बँकेत कारकून. बी.कॉम.ला 'मर्कंटाईल लॉ'चा एक पेपर होता, तो जेमतेम सुटला, एवढाच आमचा कायद्याशी शैक्षणिक संबंध. पण वीस-बावीस वर्षे काउंटरवर बसून एक गोष्ट ध्यानात आली आहे. आपल्या माणसाला कायदा भेटतो तो न्यायालयात नव्हे. तो भेटतो बँकेच्या फॉर्मवर, एक-चौदाच्या उताऱ्यावर, तलाठ्याच्या टेबलावर, पंचायतीच्या 'ना हरकत' दाखल्यावर. तिथे त्याच्या बाजूने बोलणारे कोणी नसते.

काही वर्षांपूर्वी डिचोली तालुक्यातील सत्तरीच्या घरातली एक बाई आमच्या काउंटरवर आली. नवरा वारलेला. मुदत ठेवीवर नॉमिनी म्हणून धाकट्या मुलाचे नाव होते; बँकेने नियमाप्रमाणे रक्कम त्याच्या हाती दिली होती. बाईने विचारले, "पुता, तातूंत म्हजें कितें?" नॉमिनी हा पैसे स्वीकारणारा असतो, मालक नव्हे, हे आम्हाला ठाऊक होते. पोर्तुगीज काळापासून गोव्यात चालत आलेल्या कायद्याप्रमाणे, लग्नाच्या वेळी वेगळा करार केलेला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक असते आणि तीत बायकोचा अर्धा वाटा असतो, हेही ठाऊक होते. हा अर्धा वाटा तिला वारसा म्हणून मिळत नाही, तो मुळातच तिचा असतो. आणि आम्ही काय उत्तर दिले? "मावशी, मुलालाच विचारा." कारण मागे रांग होती, आणि कारकुनाने ग्राहकाच्या घरच्या वाटणीत पडायचे नसते असे आम्हाला शिकवलेले होते. मावशी "बरें" म्हणाली आणि गेली. त्याच महिन्यात तिच्या गावात शिबिर झाले होते. विषय होता महिलांचे हक्क!

त्या दिवशी बँकेबाहेर एखादे टेबल असते आणि टेबलापाशी कायद्याच्या शेवटच्या वर्षाची एखादी मुलगी बसलेली असती, तर तिने अर्ध्या तासात दोन गोष्टी सांगितल्या असत्या. पहिली, २०१२ च्या गोवा उत्तराधिकार, विशेष नोटरी आणि इन्व्हेंटरी कायद्याखाली (तो २०१६ च्या डिसेंबरपासून लागू आहे) वाटणीसाठी दाद मागता येते. दुसरी, १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या १२ व्या कलमाप्रमाणे कोणत्याही स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चाने वकील मिळतो. ही दुसरी गोष्ट आपल्या सुशिक्षित घरांतही किती जणींना माहीत आहे? घरी विचारून पाहा.

कायद्याच्या विद्यार्थ्याने असे टेबल मांडून बसावे, ही आमच्या डोक्यातून निघालेली कल्पना नव्हे. जगभर तिला 'क्लिनिकल लीगल एज्युकेशन' म्हणतात. मराठीत अजून धड शब्दही रुळलेला नाही. आपण दवाखान्याच्या पद्धतीचे कायदेशिक्षण म्हणू. अमेरिकेत जेरोम फ्रँक यांनी १९३३ साली विचारले होते की डॉक्टर जसा रोग्याजवळ उभा राहून शिकतो, तसा वकील अशिलाजवळ बसून का शिकू नये? दक्षिण आफ्रिकेत वर्णद्वेषी राजवटीच्या काळात विद्यापीठांतले असे कायदा-दवाखाने गरिबांच्या उपयोगी पडले. आपल्याकडे सत्तरच्या दशकात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर आणि न्यायमूर्ती भगवती यांच्या समित्यांनी कायदा महाविद्यालयांना या कामात ओढा असे सांगितले. माधव मेनन यांनी त्यासाठी आयुष्य वेचले. या शिक्षणाच्या जागतिक संघटनेची पहिली परिषद १९९९ साली भरली ती लंडन-न्यूयॉर्कला नव्हे, आपल्या तिरुवनंतपुरमला.

आणि नियम? नियमही आहे. बार कौन्सिल ऑफ इंडियाने १९९७ साली प्रात्यक्षिकाचे चार पेपर सक्तीचे केले. २००८ च्या कायदेशिक्षण नियमांत तर प्रत्येक महाविद्यालयाने ज्येष्ठ प्राध्यापकाच्या देखरेखीखाली कायदा मदत केंद्र चालवावे, शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनी ते सांभाळावे आणि विधी सेवा प्राधिकरणाशी सहकार्य करावे, असे स्पष्ट लिहिले आहे. म्हणजे मागायचे काही शिल्लक नाही. जे कागदावर आहे ते आमच्या तालुक्यात आणून बसवा, एवढेच म्हणायचे आहे.

गोवा मेडिकल कॉलेजचे उदाहरण घ्या. १८४२ सालच्या पोर्तुगीज वैद्यकीय शाळेचा वारसा सांगणारी ही संस्था. तिचे ग्रामीण आरोग्य केंद्र मंडूरला आहे. डॉक्टर होणाऱ्या मुलाला खेड्यातल्या रोग्याच्या पोटावर हात ठेवल्याशिवाय सुटका नाही. तिथे जाऊन 'पोटदुखी : एक चिंतन' या विषयावर भाषण केले तर चालेल का? मग वकील होणाऱ्या मुलाला भाषणावर का सोडून देता?

इथे न्यायाने एक सांगायला हवे. मिरामारच्या साळगावकर कायदा महाविद्यालयाने (स्थापना १९७३) या बाबतीत देशात नाव कमावले आहे. त्यांचे विद्यार्थी गट करून गोव्यातल्या गावांत मदत कक्ष चालवतात, ही गोष्ट बाहेरची माणसेही कौतुकाने सांगतात. मडगावलाही कारे कायदा महाविद्यालय आहे. पण दोन्ही संस्था जुन्या काबिजादीत. पेडणे आणि डिचोली हा नव्या काबिजादीचा मुलूख, अठराव्या शतकाच्या शेवटी पोर्तुगिजांच्या हाती गेलेला. इथल्या जमिनीचे गुंते वेगळे. पणजीहून तीसेक किलोमीटरचे अंतर आहे, पण बसच्या वेळा आणि परीक्षेचे वेळापत्रक सांभाळता सांभाळता पोरांचे येणे पातळ होते. एप्रिलमध्ये सत्र संपते. मामलेदाराकडची तारीख मात्र एप्रिलमध्ये संपत नाही.

मुंडकाराचेच पाहा. १९६४ चा कूळकायदा भाऊसाहेबांच्या काळातला. १९७५ चा मुंडकार कायदा आणि १९७६ ची 'कसेल त्याची जमीन' ही दुरुस्ती शशिकलाताईंच्या कारकिर्दीतली. हे आपण अभिमानाने सांगतो आणि सांगायलाच हवे. मुंडकाराला आपले घर आणि त्याखालची-भोवतालची जमीन, पंचायत क्षेत्रात साधारण ३०० चौरस मीटर, विकत घेण्याचा हक्क मिळाला. त्याला पन्नास वर्षे झाली. आणि आजही मुंडकाराची नात मामलेदार कचेरीच्या बाकावर बसलेली आम्हाला दिसते. अडते कुठे? मोठ्या कायदेशीर प्रश्नावर क्वचितच. भाटकार वारलेला असतो, त्याचे वारस वीस-पंचवीस, कोणी मुंबईला, कोणी पुण्याला, कोणी लिस्बनला. प्रत्येकाला नोटीस पोचली पाहिजे. त्यात एक मेला की त्याचे वारस नोंदवा. जुना कागद पोर्तुगीज भाषेत, वाचणारा गावात कोणी नाही. तारीख पुढे. कुळांच्या बाबतीत तर २०१४ साली खटले मामलेदारांकडून दिवाणी न्यायालयांकडे नेण्याची दुरुस्ती झाली आणि पुढे ती फिरवली गेली. कुळाने फाईल काखेत घेऊन इकडून तिकडे हिंडावे! वारसांची यादी करणे, पत्ते शोधणे, उतारे काढणे, पोर्तुगीज कागदाचा अर्थ लावून घेणे, यांपैकी कशाला सनद मिळालेला वकील लागतो? दोन चुणचुणीत विद्यार्थी आणि एक चिकाटीचा प्राध्यापक यांचे हे काम आहे. शिवाय ते केल्याने विद्यार्थी जमिनीचा जो कायदा शिकेल तो कोणत्याही गाईडात छापलेला नाही.

मयेची कथा याहून लांब. मुक्तीनंतर जमिनीचा धनी पोर्तुगालला गेला आणि १९६४ च्या कायद्याने सगळी इस्टेट 'निर्वासितांची मालमत्ता' म्हणून कस्टोडियनच्या ताब्यात आली. पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहणारा मयेकर आपल्याच घरात परक्यासारखा राहिला. बँकेत कर्जाला आला की आम्ही विचारायचे, "जमीन कोणाच्या नावे?" आणि तो हसायचा. २०१४ च्या कायद्याने त्या मालकीचा निकाल लावला आणि पुढे सनदा वाटणे सुरू झाले. छान झाले. पण सनद हातात आलेल्या माणसाचे पुढे काय? भावांचे वाटे, बहिणींचे हक्क, बायकोचा अर्धा भाग, सनद गहाण ठेवताना कोणाकोणाच्या सह्या लागतात, हे सांगायला कोण बसले आहे? २०२५ साली घरे नियमित करण्याची 'म्हजें घर' योजना आली, तिचेही तेच. योजना येते, फॉर्म येतो, फॉर्मबरोबर दलाल येतो.

आता कोणी म्हणेल की हे गावकीचे तंटे झाले, जागतिक प्रश्नांशी यांचा काय संबंध? हवामान, खनिजे, पर्यटन, स्थलांतर यांवर परिषदा भरतात, त्या मोठ्या लोकांच्या गोष्टी! आमचे म्हणणे उलट आहे. जग डिचोलीत कधीच आले होते. ते ट्रकवर बसून आले. चीनच्या पोलादाची भूक वाढली तेव्हा डिचोलीच्या रस्त्यांवर लाल धूळ वाढली. शिरगावच्या विहिरी आणि शेते खाणींपायी गेली, गावाला उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली. २०१२ साली शाह आयोगाचा अहवाल आला, सप्टेंबरात सरकारने आणि ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने खाणी थांबवल्या. गोवा फाउंडेशनच्या याचिकेवर ७ फेब्रुवारी २०१८ रोजी ८८ लीजांचे नूतनीकरण रद्द झाले. निकाल योग्य की अयोग्य यावर आपल्याच वाचकांत दोन तट आहेत, त्यात आम्ही आज शिरत नाही.

आम्ही आमच्या काउंटरची बाजू सांगतो. खाणी जोरात असताना ट्रकसाठी कर्जे वाटली गेली. कर्जाच्या फॉर्मवर जामीनदाराची सही लागते. आम्ही पेन्सिलीने फुली मारून देत असू: इथे सही करा, इथे, आणि इथे. जामीनदार कोण? मेहुणा, शेजारी, देवळाच्या समितीतला सोबती. फॉर्म इंग्रजीत, बारीक टाइपात. जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, आधी कर्जदाराकडे वसुली करा असे तो म्हणू शकत नाही, हे आम्ही कितींना सांगितले? खरे सांगायचे तर कोणी विचारले तरच, आणि विचारणारे फार थोडे. खाणी बंद पडल्या, ट्रक अंगणात गंजू लागले आणि २००२ च्या सरफेसी कायद्याच्या नोटिसा निघाल्या. साठ दिवसांची मुदत असते. त्या मुदतीत कर्जदाराने लेखी हरकत घेतली तर बँकेला पंधरा दिवसांत उत्तर द्यावे लागते. आमच्या आठवणीत अशी हरकत हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्यांनी घेतली. बाकीचे नोटीस घेऊन आमच्याकडेच आले, "साहेब, काय करू?" ज्याने नोटीस काढली त्यालाच उपाय विचारायचा! खाणग्रस्त कर्जदारांसाठी सरकारने योजना काढली तेव्हाही अर्ज भरून देणारे हात कमीच पडले. दिल्लीत एका कायद्याने खाण बंद केली, गावात दुसऱ्या कायद्याने घर हलवले, आणि दोन्हींच्या मधे मये-शिरगावच्या माणसाला दोन्ही कायदे समजावणारा एकही माणूस नव्हता.

पुन्हा तेच होऊ घातले आहे. डिचोलीचा सुमारे ४७८ हेक्टरांचा खाण पट्टा २०२२ च्या डिसेंबरात लिलावात गेला, २०२४ च्या एप्रिलपासून तिथे काम सुरू झाले. पट्ट्यात डिचोली, बोर्डे, लामगाव, मुळगाव, मये, शिरगाव अशी गावे आहेत, आणि घरे-देवळे-तळी पट्ट्याच्या रेषेत येतात म्हणून मुळगावचे लोक झगडत आहेत. पेडण्याला मोपा. २९ मार्च २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हनुमान लक्ष्मण आरोस्कर यांच्या खटल्यात विमानतळाची पर्यावरण परवानगी स्थगित ठेवली, कारण अर्जात महत्त्वाची माहिती दिलेली नव्हती. २०२० च्या जानेवारीत स्थगिती उठली, जानेवारी २०२३ मध्ये विमाने उडू लागली. विमानतळ हवा होता की नको, यावरही वाद घाला. पण पर्यावरण अहवालात काय लपले आहे हे गावकऱ्याला जनसुनावणीच्या आधी कळायला हवे की वर्षे उलटल्यावर दिल्लीच्या निकालातून? जनसुनावणीची सूचना तीस दिवस आधी निघते. मूळ अहवाल जाडजूड आणि इंग्रजी. स्थानिक भाषेत मिळतो तो सारांश. या तीस दिवसांत वारखंड-कासारवर्ण्याच्या माणसाबरोबर बसून तो अहवाल पानापानाने वाचणे, याहून मोठे 'जागतिक' शिक्षण कायद्याच्या विद्यार्थ्याला कुठे मिळणार?

यावर हरकती घेतल्या जातील. पहिली नेहमीची: विद्यार्थ्यांना न्यायालयात उभे राहता येत नाही. बरोबर, १९६१ च्या अधिवक्ता कायद्याने तो अधिकार वकिलांचाच. पूर्णवेळ पगारी प्राध्यापकालाही वकिली करता येत नाही. मान्य. पण त्याच कायद्याचे ३२ वे कलम न्यायालयाला विशिष्ट खटल्यापुरती इतरांना परवानगी देण्याची मुभा देते, आणि चालू वकिलाला दिवसातून तीन तासांपर्यंत शिकवण्याची परवानगी १९७९ पासून आहे. डिचोली-पेडण्याच्या बारमधल्या एकेका वकिलाला महाविद्यालयाने असे अर्धवेळ नेमावे. मानधनाचा वाटा विधी सेवा प्राधिकरणाने उचलावा. विद्यार्थी बदलतील, फाईल बदलणार नाही. बँकेत कारकुनाची बदली होते, खाते तिथेच राहते ना? नोंदवही नीट असली की नवा माणूस दुसऱ्या दिवशी काम उचलतो.

दुसरी हरकत कोणी उघड बोलणार नाही, म्हणून आम्हीच बोलतो. आपल्या वाचकांत अनेक घराणी भाटकारांची आहेत. मुंडकाराला कायदा समजावणारे टेबल आपल्याच दारासमोर मांडले गेले तर काहींच्या कपाळाला आठी पडेल. पडो. पन्नास वर्षांत ज्याचे होते ते त्याला दिले असते तर आज टेबलाची गरज नव्हती. आणि मोठ्या घरांतलेच वाटणीचे तंटे काय कमी आहेत? बहिणींकडून हक्कसोडीच्या सह्या गणपतीच्या दिवसांत, जेवणाच्या पंगतीनंतर, घेतल्या जातात हे आम्ही पाहिलेले नाही असे समजू नका.

तिसरी गोष्ट भाषेची, आणि ती आपल्या मंडळाला टोचेल. १९८७ चा राजभाषा कायदा कोकणीबरोबर मराठीचाही शासकीय वापर मान्य करतो. त्या कायद्यासाठी आणि नंतर त्यावर आपण किती सभा घेतल्या! फलकांवर मराठी हवी म्हणून निवेदने दिली. पण गहाणखत मराठीत द्या, प्रतिज्ञापत्र सही करणाऱ्याला समजेल अशा भाषेत वाचून दाखवा, मामलेदाराच्या नोटिशीचा मराठी-कोकणी नमुना छापा, हे मागायला आपण कधी गेलो? कायदा इंग्रजीत शिकलेली मुलगी 'इजमेंट'ला मराठीत काय म्हणतात ते सांगू शकत नाही. वहिवाटीचा हक्क हा शब्द तिच्या आजीला पाठ आहे. दोघींना एका बाकावर बसवले तर दोघींचेही शिक्षण होईल.

आपल्या घरांतली मुले आज कायद्याकडे वळत आहेत, आनंद आहे. त्यांना मुंबई-बेंगळुरूच्या कंपन्यांत जायचे आहे, जावोत. जाण्याआधी एक वर्षभर, आठवड्यातला एक ठरलेला दिवस, त्यांनी पेडणे किंवा डिचोलीच्या टेबलापाशी काढावा. महाविद्यालयांनी त्याला गुण द्यावेत, भाषणाला देऊ नयेत. गुण मोजायचे तर किती नोटिशींना मुदतीत उत्तर गेले, किती अर्ज दाखल झाले, किती फायली पुढच्या तुकडीच्या हाती नीट सोपवल्या, यावर मोजावेत.

मंडळाच्या डिचोलीच्या खोलीत आठवड्यातले पाच दिवस कॅरम आणि जुन्या स्मरणिकांचे गठ्ठे असतात. आम्ही येत्या सर्वसाधारण सभेत ठराव मांडणार आहोत की आठवडा बाजाराच्या दिवशी सकाळी दहा ते एक ही खोली कायदा महाविद्यालयाला विनामूल्य द्यावी, पेडण्यालाही अशीच जागा पाहावी, आणि दोन्ही महाविद्यालयांच्या प्राचार्यांना व तालुका विधी सेवा समित्यांना मंडळातर्फे पत्र जावे. पत्राचा मसुदा तयार आहे, मराठीत. टेबल आमच्या घरून आणू, एक पाय जरा हलतो. विषयपत्रिकेवर जागा नसल्याचे चिटणीसांनी कळवले आहे, म्हणून ठराव 'आयत्या वेळच्या विषयां'त येईल. सदस्यांनी चहानंतर लगेच उठून जाऊ नये, ही विनंती.